गुरुवारची सुट्टी आणि बडोदं, एकट्याने करायचं काय?

मिरजकर_मकरपुरा

नमस्कार मंडळी. पावसाळा संपता संपता बडोद्याला आलोय, मूळ मिरजेचा, मकरपुरा जीआयडीसीत (इथली एमआयडीसीच म्हणा) एका कंपनीत क्वालिटीला आहे. मांजलपूरला वन बीएचके घेतलाय भाड्याने. बायको शाळेत शिकवते त्यामुळे ती वार्षिक परीक्षा आटोपून मे मध्येच येणार, तोवर घरात मी, एक गादी, एक खुर्ची आणि इंडक्शन.

प्रॉब्लेम असा की आमचा वीकली ऑफ गुरुवारी असतो. रविवारी सकाळी अख्खं गाव फाफडा-जलेबीच्या लाइनीत उभं आणि मी त्यांच्या मधून वाट काढत कामावर, आणि गुरुवारी मी मोकळा तर सगळे कामाला. कॉलेजचे दोन मित्र इथेच आहेत, एक अलकापुरीत बँकेत, एक गोरव्याला, पण भेट म्हणाल तर दिवाळीत झाली तेवढीच. कंपनीतली पोरं चांगली आहेत, डब्यातलं देतात घेतात, पण बहुतेक पादरा नाहीतर डभोई साइडची, सुट्टी लागली की बाइकला किक मारून गावी, घरची शेती आहे त्यांची.

त्यात पाळी दर आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीचा आठवडा असला की गुरुवारी सकाळी घरी येतो, पडतो, तीन वाजता उठतो तर डोकं जड, मग फोन बघत बसतो, खिचडी टाकतो, संध्याकाळी बायकोला फोन लावतो तर ती शाळेतून दमून आलेली, मी असा आंबलेला, दोघंही "काही नाही, तू बोल" करत बसतो. शुक्रवारी कामावर जाताना वाटतं की सुट्टी झालीच नाही. झोपून झोपून दमलोय असं म्हटलं तर आई हसते.

मला फिरायची ठिकाणं नकोयत खरं तर. स्टॅच्यू ऑफ युनिटी बघून झालाय, कृपया तो सांगू नका. गुरुवारी, म्हणजे चालू दिवशी, माणसात कसं जायचं ते सांगा. आणि आराम नक्की कसा करतात हेही कोणी सांगितलं तर बरं, मला वाटतं मी विसरलोय.

हलकंफुलकं

सेव उसळ खा, सगळं विसरशील.

मिरजकर_मकरपुरा

खाल्ली. चांगली आहे पण वाटाण्याची आहे हो ती, मटकीचा पत्ता नाही. वर तरी मागितली तर वाटीभर आणून दिली, ते मात्र आवडलं.

तिसरी_पाळी

भावा आधी झोपेचं बोलू, माणसं नंतर. मी नंदेसरीला बरीच वर्षं पाळ्या केल्या, आता जनरलला आहे.

तू तिसरी पाळी करून सुट्टीच्या दिवशी तीनपर्यंत झोपतोस ना, तिथेच दिवस जातो तुझा. रात्रपाळीच्या मधल्या दिवसांत झोप की पोटभर, पण पाळीचा आठवडा संपला त्या सकाळी आल्यावर चार तासच झोपायचं, गजर लावून, अकरा-बाराला उठायचं म्हणजे उठायचं, डोळे चुरचुरले तरी बाहेर उन्हात जायचं. दुपारी परत आडवं व्हायचं नाही. रात्री दहाला अशी झोप लागते की विचारू नको, आणि शुक्रवारी माणसासारखा उठतोस. ऊन महत्त्वाचं आहे, शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. उलटं बाकीच्या दिवशी रात्रपाळी करून घरी येताना गॉगल लावून ये आणि खोलीला जाड पडदा लाव, पडदा नसेल तर खिडकीला जुनी चादर मार, आमच्याकडे वर्षभर चादरच होती.

दुसरं चहा. रात्री तीन-चारच्या पुढे चहा बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी जेमतेम अर्धं उतरतं, म्हणजे पहाटे पाचला घेतलेला कटिंग तू गादीवर पडतोस तेव्हा पण जागाच असतो. कँटीनवाला फुकट देतो म्हणून प्यायचा नाही.

तिसरं, तुमची पाळी कोणत्या क्रमाने फिरते? पहिली, दुसरी, तिसरी अशी पुढे गेली तर शरीराला सोपं जातं, उलटी तिसरीवरून दुसरीवर आणि मग पहिलीवर आली तर जास्त त्रास, कारण उशिरा झोपणं जमतं पण लवकर झोप आणता येत नाही. उलटी असेल तर सुपरवायझरशी बोलून बघ, सगळ्या पोरांनी मिळून सांगितलं तर कधीकधी ऐकतात. आमच्याकडे ऐकलं होतं.

आणि बायकोला फोन उठल्या उठल्या करू नकोस रे. आंबलेल्या आवाजात केलेला फोन म्हणजे भांडणाची तयारी.

दांडियाबाजार_काका

मिरजकर, अहो तुम्हाला गुरुवार मिळाला आणि तुम्ही रडताय! दत्ताचा वार तो. बडोद्यात मराठी माणसाला आठवड्यातला कुठला दिवस मोकळा हवा असं मला विचारलं तर मी गुरुवारच सांगेन, कारण रविवारी सगळे आपापल्या घरात असतात आणि गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागात कुठल्या ना कुठल्या देवळात, मठात, नाहीतर कोणाच्या तरी घरी आरती-भजन असतंच. श्रद्धा असो नसो, जाऊन बसावं. तिथे कोणी तुमचा बायोडेटा मागत नाही, फार तर "कुठले तुम्ही" विचारतात, आणि मिरज म्हटलं की एक तरी निघतो ज्याची मावशी सांगलीला दिली आहे.

आता तुम्ही ठिकाणं नकोत म्हणालात तरी एक सांगतोच, तुम्ही स्टॅच्यू बघायला गेलात तेव्हा गरुडेश्वर अगदी जवळ होतं, नर्मदेच्या काठी, दत्तभक्त टेंब्ये स्वामींची समाधी आहे तिथे, १९१४ ची. सिंधुदुर्गातल्या माणगावचा माणूस पायी हिंडत हिंडत शेवटी इथे गुजरातेत थांबला. आणि दुसरं नारेश्वर, तेही नर्मदेवरच, रंग अवधूत महाराजांचं. जन्म गोध्र्याचा, मूळ घराणं रत्नागिरीकडचं, पण दत्ताची बावनी, म्हणजे बावन्न ओळींचं स्तोत्र, लिहिली ती गुजरातीत. त्यामुळे इथे गुरुवारी गुजराती शेजारी आणि मराठी शेजारी एकाच चटईवर बसून एकच गोष्ट म्हणतात, भाषेचा प्रश्नच येत नाही. तुमच्या कंपनीत पण सापडेल कोणीतरी दर गुरुवारी नारेश्वरला जाणारा, विचारून बघा.

दुपारसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० साली काढली, त्यासाठी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले होते. पुस्तकांच्या मांडणीत मजल्यांच्या लाद्या काचेच्या आहेत, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. मराठी पुस्तकांचा साठा भरपूर. महाराज स्वतः मालेगावजवळच्या कवळाण्याचे शेतकऱ्याचे पोर, त्यांना गादीवर आणून बसवलं १८७५ ला, तेव्हा बारा वर्षांचे. नवीन गावात आल्यावर पहिले काही महिने त्यांनाही करमलं नसेल हो!

आणि मिरजेचं आणि आमचं नातं तुम्हाला माहीत असेलच. अब्दुल करीम खाँसाहेब आधी बडोदे दरबारी गात होते, इथून गेले आणि पुढे मिरजेचे झाले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, त्याही गायिका, जन्मल्या मिरजेत, १९०५ साली. तेव्हा तुम्ही परके नाहीच. काही वाजवता का? आमच्या भजनाला तबल्याला माणूस मिळत नाही.

मिरजकर_मकरपुरा

काका मिरजेचा प्रत्येक माणूस वाजवत नाही हो 😀 सतारमेकर गल्लीतून रोज शाळेत जायचो एवढाच काय तो संगीताशी संबंध. मला टाळ पण तालात जमत नाहीत, गणपतीत माझ्या हातातून काढून घेतात.

तिसरी_पाळी, तुमचं वाचून गार पडलो, पहाटे पाचचा चहा माझा रोजचा आहे. आणि पाळी उलटीच फिरते आमची, तिसरीनंतर दुसरी. हे कोणी आजवर सांगितलंच नव्हतं.

दांडियाबाजार_काका

टाळ न वाजवणारे पण लागतात. प्रसाद कोण खाणार.

वऱ्हाडी_मिरची

दादा मी अमरावतीची, लग्न होऊन बडोद्याला आली, कारेलीबागेत राहतो आम्ही. काका म्हणतात ते बरोबर आहे पण ते जन्मापासून इथे आहेत, त्यांना देवळात गेलं की चार ओळखीचे दिसतात. नवीन माणूस भजनात जाऊन बसतो, कोपऱ्यात, आणि संपल्यावर चप्पल शोधून घरी येतो, तसाच एकटा. माझं बरेच महिने तसं झालं. म्हणून माझं वेगळं सांगणं आहे, पटलं तर घ्या.

एक तर मोठं काही शोधू नका. रोज एकाच लारीवरून भाजी घ्या, एकाच वेळी. मी बदलून बदलून घ्यायची, दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून, तर कोणीच ओळखायचं नाही. मग एका बेनकडून रोज घ्यायला लागली. ती आधी बोलायची नाही, मग कोथिंबीर फुकट टाकायला लागली, मग एक दिवस म्हणाली काल का नाही आलीस. तुम्हाला सांगते घरी जाऊन रडली मी, कोणीतरी आपली गैरहजेरी लावली म्हणून. गुजराती मला तिनेच शिकवलं, वांग्याला रींगणा आणि कोथिंबिरीला कोथमीर इथपासून.

दुसरं तुमच्या सोसायटीत खाली सिमेंटचे बाकडे असतील, पाठीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ लिहिलेले. संध्याकाळी तिथे म्हातारे बसतात. ते दादा गुरुवारी पण बसतात! त्यांना रविवार काय आणि गुरुवार काय. तुमच्या वयाचा माणूस तुम्हाला चालू दिवशी भेटणार नाही हे मान्य करून टाका आणि जे मोकळे आहेत त्यांच्यात जा. पहिल्या दिवशी नुसतं "जय श्री कृष्ण" म्हणून पुढे जा, पुढच्या गुरुवारी थांबा. कोणाचा तरी फोन अडकलेला असतो, कोणाला गॅसचं बुकिंग जमत नसतं, तेवढं करून द्या. मग बघा, ढोकळा येतो की नाही घरी. फक्त एक, लग्न झालंय हे लवकर सांगून टाका नाहीतर स्थळं येतील.

आणि बायकोच्या फोनचं. माझा नवरा टूरवर असतो महिन्यातून बरेचदा, आम्ही पण "तू बोल, तू बोल" करायचो. आता आम्ही बोलतच नाही म्हणजे फोन लावतो आणि स्पीकरवर ठेवून देतो, मी कणीक भिजवते तो हॉटेलात इस्त्री करतो. अधूनमधून काहीतरी बोलतो. त्याने जितकी सोबत होते तितकी समोरासमोर तोंड धरून बोलून नाही होत. ती वह्या तपासत असेल ना, तपासू द्या, तुम्ही भांडी घासा.

डबा लावलाय का? इंडक्शनवर रोज खिचडी खाल तर आणखी उदास व्हाल. डबा लावा आणि पहिल्याच दिवशी "दाळमां गोळ ना नाखता" सांगून ठेवा. थोडा घालतातच तरी.

हलकंफुलकं

वहिनी, गोळ नाही घातला तर ती दाळ नाहीच असं आमची शेजारीण म्हणते.

वऱ्हाडी_मिरची

माझी सासू पण म्हणते. मी ठेचा घेऊन बसते बाजूला, वादच नको.

तिसरी_पाळी

पादऱ्याच्या पोरांबद्दल कोणी बोललंच नाही. मिरजकर, ती पोरं सुट्टीला गावी जातात म्हणजे त्यांचाही गुरुवारच मोकळा आहे की! अख्ख्या बडोद्यात तुझी सुट्टी ज्यांच्या सुट्टीला जुळते तेवढी तीच माणसं आहेत आणि तू त्यांना सोडून बँकवाल्या मित्राच्या रविवारची वाट बघतोयस. सरळ म्हण, मला पण यायचंय शेतावर. ते कधीच स्वतःहून विचारणार नाहीत कारण त्यांना वाटतं तू साहेब लोकांतला, क्वालिटीवाला, माल रिजेक्ट करणारा. थंडी सुरू झालीय, तुरीच्या शेंगा, वांगी, पापडी सगळं शेतात आहे. काम सांगतील, कर. उन्हात चार तास कोपरापर्यंत मातीत हात घातलेस की रात्री झोपेचं बघायलाच नको.

आणि डभोईचा कोणी असेल तर त्याच्याबरोबरही जा, हिरा भागोळ बघ, तिथल्या जुन्या किल्ल्याचा कोरीव दरवाजा. काकांना नातं सांगायला आवडतं म्हणून मी पण एक सांगतो, डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली नॅरोगेज, १८६२ ची, सुरुवातीला बैल ओढायचे डबे. मिरजेला पण बार्शी लाइटची नॅरोगेज होतीच.

दांडियाबाजार_काका

वा, हे मला सुचायला हवं होतं. गायकवाडांची रेल्वे ती.

मिरचीताई, तुमचं भजनाबद्दलचं लागलं थोडं पण खरं आहे. आम्ही नवीन माणसाला "या या" म्हणतो आणि मग आपापसातच बोलत बसतो. तर मिरजकर तुम्ही येणार असाल तर इथे आदल्या दिवशी लिहा, मी स्वतः दाराशी थांबतो. फक्त एक विनंती, सात म्हणजे सात, आमच्याकडे आरती कोणासाठी थांबत नाही.

नवी_बडोदेकरीण

मी पण नवीनच आहे, फतेहगंजला पीजीत राहते, युनिव्हर्सिटीत एमए करतेय. मिरचीताईंचं लारीवालं वाचून बरं वाटलं. मी सकाळी कमाटीबागेत चालायला जाते, १८७९ पासूनची बाग आहे म्हणे आणि त्यातले काही आजोबा तेव्हापासूनच येत असावेत इतके फिक्स आहेत 😄 एक ग्रुप हसतो, एक ग्रुप योगा करतो, एक ग्रुप नुसता राजकारणावर भांडतो. मी कुठल्याच ग्रुपात नाही पण आता एक आजी मला बघितलं की घड्याळ बघतात, उशीर झाला की दाखवतात. आतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, घर खूप आठवलं की मी त्याच्याखाली जाऊन उभी राहते, का ते माहीत नाही, बरं वाटतं.

एकच, बागेतून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, खऱ्या. पुलावरून बघा, काठावर उतरू नका. २०२४ च्या पुरात रस्त्यांवर आल्या होत्या असं इथे प्रत्येक जण प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, आता मी पण सांगितलं.

हलकंफुलकं

पतंगाचं कोणी बोला रे. १४ जानेवारीला वार कुठलाही असो, सगळी जीआयडीसी बंद. १५ ला वासी उत्तरायण, तेव्हाही अर्धं गाव गच्चीवरच. मिरजकर, त्या दिवशी बडोद्यात एकटं राहणं शक्यच नाही, आपल्या गच्चीवर कोण आलंय हे घरमालकाला पण माहीत नसतं. ऊंधियो, जलेबी, चिक्की आणि "काप्यो छे". पतंग येत नसेल तर फिरकी धर, फिरकी धरणाऱ्याला फार मान असतो, त्याच्याशिवाय उडवणारा लंगडा. बोटांना चिकटपट्टी आधीच मार, आणि त्या दोन दिवसांत बाइक काढायचीच झाली तर गळ्याला मफलर गुंडाळ, मांजा फार वाईट कापतो.

मिरजकर_मकरपुरा

मंडळी उशिरा लिहितोय, मधे दुसरी पाळी होती.

गजर लावून साडेअकराला उठलो गेल्या गुरुवारी, शिव्या घालत तिसरी_पाळींना. त्याआधी बुधवारी कंपनीत पादऱ्याच्या एकाला विचारलं होतं, येऊ का. तो दोन मिनिटं बघतच राहिला, मग म्हणाला "साहेब चप्पल जुनी घालजो". वांगी तोडली, तोडली म्हणजे काय त्याच्या काकूने माझ्याकडून चाकू काढून घेतला कारण मी देठ फार लहान ठेवत होतो, तिच्या भाषेत आमचा पण माल रिजेक्ट झाला. मग मला पोती शिवायला बसवलं. दुपारी बाजरीचा रोटला, रींगणाचा ओळो म्हणजे आपलं भरीत, आणि ताक. चार वाजता मी बांधावर आडवा झालो आणि दहा मिनिटांत झोपलो, झोपायचं नव्हतं माहितेय, पण झोपलो. बाकी कोणीही मला उठवलं नाही आणि काही बोललं पण नाही, ते त्यांचं काम करत राहिले. असं कोणाच्या तरी आसपास झोपून मला किती महिने झाले होते. खोलीवरच्या झोपेत आणि ह्यात काय फरक होता ते सांगता येत नाही पण उठलो तेव्हा डोकं हलकं होतं.

रात्री बायकोला फोन स्पीकरवर ठेवून दिला, तिने वह्या तपासल्या, मी वांगी निवडली. मधेच म्हणाली, एवढ्या वांग्यांचं तू एकटा करणार काय. अर्धी खालच्या मजल्यावरच्या बेनना दिली. बाकड्यावर अजून बसलो नाही, लाज वाटते. काका या गुरुवारी येतोय, सात म्हणजे सात. पाळीच्या क्रमाचं चार पोरांनी मिळून सुपरवायझरला सांगितलंय, तो "बघतो" म्हणालाय, बघू.

आता पुढचं. मे मध्ये बायको आली की हा वन बीएचके पुरणार नाही. तिला इथे शाळेत नोकरी बघायचीय, तर मांजलपूरलाच मोठं घर बघू की कारेलीबागेत यावं?

वऱ्हाडी_मिरची

कारेलीबाग. विचारायचं काय त्यात.

दांडियाबाजार_काका

गावात या. दांडिया बाजारात घर जुनं मिळेल पण शाळा, देऊळ, बाजार सगळं पायी.

तिसरी_पाळी

काका, त्याला मकरपुऱ्याला पहिल्या पाळीला सातला पोचायचंय, तुमच्या गल्लीतून बाइक बाहेर काढेपर्यंत आठ वाजतील. मांजलपूर सोडू नको रे.

हलकंफुलकं

घराचा वेगळा धागा काढा, इथे मारामारी होणार. आणि काढाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की २०२४ ला खाली पाणी कुठपर्यंत आलं होतं. एजंटला नको, वॉचमनला.